रिसेल फ्लॅटचे फोटो आणि मांडणी: फोन येतात, पण बघायला कुणी येत नाही

केतकी_प
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला सासूबाईंचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे. बांधकाम १९९४चं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण तिन्ही बाजूंनी मोकळा, हॉलची खिडकी पूर्वेला आणि पश्चिमेला छान टेरेस. सासूबाई आता आमच्याकडे कोथरूडला राहतात. घर बंद असतं, सामान मात्र सगळं जिथल्या तिथे आहे.

एजंट संध्याकाळी उशिरा आला, ट्यूब लावून मोबाइलवर फोटो काढले आणि पोर्टलवर टाकले. हॉलच्या फोटोत निम्मी जागा शोकेसने खाल्लीये. ओट्यावर कव्हर घातलेला मिक्सर आणि त्याच्या शेजारी रद्दीचा गठ्ठा. बाथरूमच्या फोटोत बादली आणि पायपुसणं. सगळे फोटो उभे. फोन येतात, कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) किती, पार्किंग आहे का विचारतात, फोटो बघून कळवतो म्हणतात आणि पुढे काही नाही. भाव शेजारच्या बिल्डिंगमध्ये नुकताच जो व्यवहार झाला त्याच्याच आसपास ठेवलाय.

सकाळी त्या हॉलमध्ये इतका सुरेख उजेड असतो की पेपर वाचायला दिवा लागत नाही. ते या फोटोंत कुठेच दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं. रंग काढावा का? घर पूर्ण रिकामं करावं का? फोटो आपण काढले तर जमतील का?

गणेश७२
ताई, फोटोंत फार अडकू नका. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आहे. भाव थोडा खाली आणा, गिऱ्हाईक आपोआप येईल.

उजेडवाला
केतकी, मी घरांचे फोटो काढायचं काम करतो, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये, बरेचसे रिसेलचेच. म्हणून सविस्तर लिहितो.

गणेशदादांचा मुद्दा भावापुरता बरोबर आहे, पण तुमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. भाव चुकला तर लोक येतात, बघतात आणि घासाघीस करतात. तुमच्याकडे लोक येतच नाहीयेत, म्हणजे घर फोटोतच नापास होतंय. आधी ते सुधारा, मग भावाचं बघू.

सुरुवात कॅमेऱ्यापासून नाही, सामानापासून करा. फोटो बघणारा नकळत फरशी शोधत असतो. फरशी जितकी लांबवर सलग दिसेल तितकी खोली मोठी वाटते. म्हणून शोकेस, दिवाणाखालच्या ट्रंका, दारामागच्या हुकांवरचे कपडे, फ्रिजवरचे डबे, खिडकीतल्या बाटल्या हे सगळं हलवा. माळ्यावर कोंबू नका, बघायला आलेला माणूस माळासुद्धा उघडून बघतो. पण घर पूर्ण रिकामंही करू नका. रिकाम्या खोलीत मापाचा अंदाज येत नाही. दहा बाय अकराची बेडरूम रिकामी दिसली की 'इथे डबल बेड बसेल का?' हीच शंका येते. बेड ठेवा, त्यावर एकरंगी चादर घाला. हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय पुरे. ओट्यावर फक्त शेगडी राहू द्या, तिच्यामुळे ओट्याची लांबी कळते. नळांवरचे क्षारांचे पांढरे डाग आणि शेगडीमागच्या टाइल्सवरचा तेलकटपणा फोटोत डोळ्यांना दिसतो त्याहून जास्त उठून दिसतो, तिथे मेहनत घ्या.

आता उजेड. पूर्वेच्या हॉलचे फोटो अगदी सकाळी काढू नका. थेट ऊन आत आलं की फरशीवर पांढराफटक पट्टा येतो आणि बाकीची खोली काळवंडते. ऊन खिडकीतून वर सरकलं, पण बाहेर लख्ख आहे, अशी वेळ धरा, साधारण दहा-साडेदहा. पश्चिमेची बेडरूमही तेव्हाच उरकून घ्या, दुपारनंतर तिथे ऊन शिरेल. टेरेस मात्र संध्याकाळी, ऊन कललं की. जाड पडदे असतील तर सरळ काढून ठेवा. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत मी गेलो होतो. समोरची बिल्डिंग हाताच्या अंतरावर, म्हणून त्या घरी कायम मरून रंगाचे भारी पडदे ओढलेले. ते उतरवून पातळ पांढरे लावले तर समोरची भिंत झाकली गेली आणि उजेड गाळून आत आला. खोली तीच, पण घरातल्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, आपल्याकडे एवढा उजेड होता?

दिवसा फोटो काढताना दिवे बंद ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब आणि बाहेरचा उजेड एकत्र आले की एक भिंत निळसर, दुसरी पिवळट दिसते आणि रंग जुना वाटतो. बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये दिवा लागणारच, तिथे सगळे एकाच रंगाचे लावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार वेगात असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेवा, मोबाइल स्टँडवर लावा आणि टायमरवर फोटो काढा, म्हणजे हात हलणार नाही.

मोबाइल छातीच्या उंचीवर, चार फुटांच्या आसपास, आणि सरळ. वरून खाली वाकवला की भिंती तिरक्या होतात. कॅमेऱ्यातली जाळी चालू करा आणि दाराची चौकट तिच्या उभ्या रेषेला समांतर येते का बघा. फोटो आडवे घ्या. लेन्स आधी सुती फडक्याने पुसा, निम्मे धूसर फोटो केवळ बोटांच्या तेलामुळे येतात.

आणि मोबाइलमधल्या ०.५च्या, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या लेन्सचा मोह टाळा. ती लेन्स कडेच्या वस्तू ताणते, तीन माणसांचा सोफा पाच माणसांचा दिसतो. मग बघायला आलेल्या माणसाचा दारातच हिरमोड होतो आणि पुढचं चांगलंही त्याला दिसत नाही. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून साध्या लेन्सने घ्या. कमी दिसेल, पण खरं दिसेल.

निशिगंध
उजेडवाला, फार छान लिहिलंत, जपून ठेवतेय.

केतकी, एक वेगळी गोष्ट सांगते. सामान हलवायच्या आधी सासूबाईंना एकदा तिथे घेऊन जा आणि काय कुठे जाणार ते त्यांच्या देखत ठरवा. आईचं घर विकताना आम्ही हे केलं होतं. भिंतीवरचा बाबांचा हार घातलेला फोटो फोटोग्राफरने सहज बाजूला ठेवायला सांगितला आणि आई गप्प झाली. मग तो फोटो तिनेच उतरवला, पदराने पुसला, साडीत गुंडाळला आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन रिक्षातून आमच्या घरी आणला. त्यानंतर बाकीचं सामान आवरायला तीच सगळ्यांच्या पुढे होती.

घरच्या माणसांचे फोटो, लग्नाचे अल्बम, मुलांची बक्षिसं जाहिरातीत दिसायलाच नकोत. ती आपली खासगी बाब आहे. लॉकर असलेलं कपाट आणि दाराची कुलपं जवळून दाखवू नका. घर बंद असतं हे तर कुठेच लिहू नका.

केतकी_प
निशिगंध, हे मनाला लागलं. या रविवारी त्यांना नेते. देवघराचं काय करावं? हॉलच्या कोपऱ्यात संगमरवरी छोटं देवघर आहे.

निशिगंध
मूर्ती तुमच्याकडे आणा, देवघर राहू द्या. पुण्यात घर बघणारे बरेच जण देवघराला जागा कुठे हे विचारतातच, त्यांना उत्तर मिळतं. ज्यांना नको ते काढतील.

अपर्णा_फ्रीमाँट
कॅलिफोर्नियातून लिहितेय. आमचं जुनं घर विकताना हे सगळं इथल्या पद्धतीने केलं. इकडे घर सजवून देणं हा स्वतंत्र धंदा आहे. ते आपलं निम्मंअधिक सामान गोदामात पाठवतात, त्यांचा सोफा, चित्रं, दिवे आणून लावतात आणि घर विकलं की घेऊन जातात. मग एकदा व्यावसायिक फोटो निघतात आणि शनिवार-रविवारी घर सगळ्यांना बघायला खुलं. पैसे लागतात, पण इथे सगळे एजंट तोच आग्रह धरतात.

अलीकडे रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावर फर्निचर घालतात. त्यात काही जण भिंतीवरचे डागही पुसतात, खिडकीबाहेरची विजेची तार गायब करतात. म्हणून कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून कायदाच आला. जाहिरातीतला फोटो असा बदलला असेल तर तसं ठळक लिहायचं आणि मूळ फोटो बघायची सोय द्यायची. उजेड किंवा रंग नीट करणं, कडा कापणं याला हरकत नाही. घराचं रूप बदललं तर मात्र सांगावंच लागतं. हा नियम मला मनापासून पटतो.

गणेश७२
आपल्याकडे आहे का असं काही? बिल्डर लोक तर जाहिरातीत जंगल आणि धबधबे दाखवतात.

वकीलकाका_नारायणपेठ
बिल्डरसाठी आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवसायाच्या नियमनाच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. गिऱ्हाइकाला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत द्यावे लागतात. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला.

केतकीताईंसारख्या रिसेलच्या विक्रेत्याला हे लागू नाही. पण म्हणून विक्रेता मोकळा आहे असं समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ वाचा. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो सांगणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. ओल आलेल्या भिंतीवर घाईने रंग मारून फोटो काढणारे पुष्कळ असतात. व्यवहारानंतरच्या पहिल्या पावसात ती ओल वर येते आणि मग नोटिसा सुरू होतात.

केतकी_प
काका, तुम्ही नेमकं तेच लिहिलंत. रविवारी सासूबाईंना घेऊन गेलो. शोकेस हलवली तर तिच्यामागे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोपडे निघालेले. हात लावला तर पांढरी भुकटी हाताला येते. रंगारी म्हणतो, खरवडून पुट्टी मारतो, दोन हात देतो, कुणाला कळणार नाही. माझं मन होत नाहीये.

सोसायटीवाला_राजू
रंगाऱ्याचं ऐकू नका. ती पांढरी भुकटी म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. पाणी आतून येतंय तोवर वर काहीही लावलं तरी सुटणार. आमच्या सोसायटीत ३० वर्षांच्या इमारतीत हे दर दोन घरांत आहे. आधी बाथरूम काही दिवस पूर्ण कोरडं ठेवा. तुमचं घर बंदच आहे, म्हणजे सोपं. तरीही भिंत ओली राहिली तर पाइपातून गळतंय, प्लंबर बोलवा. वाळली तर फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने पाणी मुरतंय. बहुतेक ठिकाणी सांधे उकरून नवं ग्राउट भरणं आणि ट्रॅपची कड नीट करणं एवढ्यावर भागतं. भिंत नीट वाळली की मगच रंग. कामाचं बिल आणि उकरलेल्या सांध्यांचे फोटो ठेवा, घर बघायला येणाऱ्याला दाखवता येतात.

उजेडवाला
राजूभाऊंच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. दुरुस्तीचे फोटो पोर्टलवर नकोत, पण बघायला येणाऱ्याला आपणहून दाखवा. ज्याने एक दोष स्वतःहून सांगितला त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

रंगाचं म्हणाल तर सगळ्या घराला नको. हॉल आणि पॅसेजला फिकट, उबदार पांढरा द्या. बेडरूमची गुलाबी किंवा पोपटी भिंत असेल तर तीही. कडक निळसर पांढरा टाळा, फोटोत दवाखान्यासारखा दिसतो.

ऋतुराज_वारजे
जरा वेगळा प्रश्न. आमचा फ्लॅट वारज्यात वरच्या मजल्यावर आहे, टेरेसवरून डोंगर दिसतात. ड्रोनने बाहेरून फोटो काढावेत का? मित्राकडे आहे.

सोसायटीवाला_राजू
आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तुमच्या बाजूला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे. शिवाय सोसायटीतल्या लोकांच्या खिडक्यांसमोरून कॅमेरा फिरणार, त्यांनाही विचारायला हवं.

उजेडवाला
ऋतुराज, डोंगर दाखवायला ड्रोन लागतच नाही. घर घेणारा माणूस हवेत नाही, टेरेसवर उभा राहणार आहे. टेरेसच्या दारातून, आतली खुर्ची आणि कठडा चौकटीत घेऊन फोटो काढा, म्हणजे हा देखावा घरातूनच दिसतो हे कळतं. पाऊस पडून गेल्यावरची सकाळ मिळाली तर सोन्याहून पिवळं, हवेतली धूळ बसलेली असते.

देवरुखकर
आमचं कोकणातलं चिरेबंदी घर भावकीच्या संमतीने विकायला काढलंय. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे विहीर. इथे फ्लॅटचं सगळं लागू पडेल का?

उजेडवाला
मांडणीचं पडेल, क्रम मात्र बदला. कोकणातलं घर लांबून येणारा माणूस बघणार, त्याला पहिला प्रश्न पडतो गाडी कुठपर्यंत येते. म्हणून रस्ता, बेडं (आवाराचं फाटक), अंगण, मग घर. विहिरीत उन्हाळ्यात पाणी असतं का हे मेमधल्या फोटोने जेवढं कळतं तेवढं कशानेच नाही, तेव्हा तो एक फोटो मेमध्ये काढून ठेवा. घराचे फोटो पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा हिरवळही असते आणि आभाळही निवळलेलं. पडवीत उभं राहून अंगणाकडे आणि अंगणातून पडवीकडे, दोन्ही घ्या. माजघर अंधारं असतं. तिथे खिडकी-दारं उघडून स्टँडवर सावकाश फोटो घ्या, फ्लॅश नको. जांभ्याचा पोत फ्लॅशने मरतो.

वकीलकाका_नारायणपेठ
देवरुखकर, जोडीने जमीन शेतीची आहे की बिनशेती ते जाहिरातीतच लिहा. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. ते न लिहिल्यामुळे लोक मुंबईहून गाडी काढून येतात आणि सातबारा बघून परत जातात.

केतकी_प
मंडळी, प्रगती सांगते. गळती ट्रॅपच्या कडेनेच होती, दुरुस्त झाली. भिंत वाळली, हॉल आणि पॅसेज रंगवून झाला. फोटो नवऱ्याने आणि मी काढले. पहिला फोटो हॉलचा, दुसरा टेरेसचा लावलाय. लिफ्ट नाही हे वरच लिहिलं आणि जिन्याचाही फोटो टाकला, जिना रुंद आहे आणि प्रत्येक वळणावर खिडकी आहे. आता फोनवर लोक थेट कधी बघायला येऊ विचारतायत. सासूबाई नवे फोटो बघून म्हणाल्या, हं, हे आपलं घर.

एक अडचण राहिली. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटला पाठवलेले फोटो पोर्टलवर अगदी फुटलेले दिसतात. आणि कार्पेटवरून रोज वाद होतो. करारनाम्यात बिल्टअप (भिंतींसकट धरलेलं क्षेत्रफळ) लिहिलंय.

उजेडवाला
व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. फक्त त्यात फोटो कुठे काढला ती जागाही जाते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधी बंद ठेवा.

कार्पेटसाठी टेप घेऊन बसा आणि एक साधा नकाशा काढा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. टेरेसचं माप वेगळं लिहा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. नकाशावर उत्तर दिशा आणि मुख्य दाराची दिशा दाखवा, वास्तूवाल्यांचे निम्मे फोन कमी होतील. हा नकाशा तिसऱ्या क्रमांकावर टाका. माझ्या अनुभवात फोटो आवडलेला माणूस लगेच नकाशा शोधतो, सापडला की सोफा, कपाट, बेड मनात मांडून बघतो आणि मगच फोन करतो.

शलाका_ठाणे
उशिरा आलेय धाग्यावर. आमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, करार अजून बाकी आहे. त्यांच्या सामानासकट फोटो काढावेत का?

निशिगंध
शलाका, आधी त्यांना विचारा आणि त्यांच्या सोयीची वेळ घ्या. ते घर सध्या त्यांचं राहतं घर आहे. कुठले फोटो लावणार ते त्यांना दाखवून घ्या. त्यांच्या मुलांचं दप्तर, कपडे, देव यांतलं काही दिसत नाही ना ते बघा. घर त्यांनी नीट आवरून दिलं तर त्या महिन्याच्या भाड्यात थोडी सूट द्या. खरेदीदाराला घर दाखवताना दार तेच उघडणार आहेत.

शलाका_ठाणे
सूट द्यायची कल्पना चांगली आहे. उद्याच बोलते त्यांच्याशी.